बरगडीचा मुका मार आणि फुगलेले पोट : चूर्णाची पुडी बांधण्यापूर्वी

छातीच्या कडेला मार लागल्यानंतर दोन-चार दिवसांनी 'पोट फुगले आहे, वारा सरत नाही' अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना नवा नाही. मार लागला त्या दिवशी तो कोणाकडेही गेलेला नसतो. घरच्यांनी तेल चोळून दिलेले असते, धोतराचा किंवा लुगड्याचा पट्टा छातीभोवती आवळलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर गेलेला असतो. पोट डब्ब झाल्यावर मात्र तो येतो. येतो तेव्हा पोटाचीच कथा सांगतो. बरगडीचे विचारावे तेव्हा सांगतो, आणि विचारले नाही तर हिंग्वाष्टकाची किंवा लवणभास्कराची पुडी घेऊन निघून जातो.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे, की ही पुडी बांधण्यापूर्वी आपला हात क्षणभर थांबावा. अभिघातानंतरचे आध्मान हे दोषज आध्मानाहून वेगळे आहे. त्याची परीक्षा वेगळी, त्याचा धोका वेगळा, आणि आपल्या जिल्ह्यांत तो धोका इतरांहून अधिक आहे. बहुसंख्य रुग्णांत हे पोट साध्या कारणाने फुगलेले असते, हे खरे. परंतु ज्या थोड्यांच्या पोटात रक्त साचत असते, तेही नेमकी हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना इतरांतून निवडून काढणे हे आपले काम आहे, आणि आज ते पुरेशा दक्षतेने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यांचे वेगळेपण

येथे बरगडीला मार लागण्याची कारणे शहरातल्यासारखी नाहीत. चारोळी, मध किंवा ताडी-सिंदीसाठी झाडावर चढणारे पडतात. बांबूची मोळी घेऊन उतरताना पाय घसरतो. पावसाळ्यात धानाच्या बांधावरून माणूस आडवा पडतो आणि कुदळीचा दांडा नेमका कुशीत बसतो. बंडीवरून पडणे, बैलाचे शिंग लागणे, रानडुकराची धडक हे नित्याचे आहे. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे झाडाखाली माणूस आणि अस्वल एकाच वेळी येतात. अस्वलाने फाडलेल्या जखमा सर्वांना दिसतात, पण त्याने खाली पाडून दाबलेल्या छातीकडे कोणाचे लक्ष जात नाही. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस या कोळसापट्ट्यात अपघातांचे स्वरूप आणखी निराळे, आणि जंगलातील रस्त्यांवर मोटारसायकल घसरणे तर आता सर्वत्रच. या सर्व आघातांत त्वचा शाबूत राहून आतील अवयव दुखावण्याचा संभव असतो. आपल्या भाषेने याला 'मुका मार' हे अत्यंत समर्पक नाव दिले आहे.

मात्र धोक्याचे खरे कारण आघाताच्या प्रकारात नाही. ते ज्या शरीरावर आघात होतो त्यात आहे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे फार मोठा राहिला आहे. हिवतापाने प्लीहा वाढते, हे आपण सारे जाणतो. वाढलेली प्लीहा बरगड्यांच्या आडोशातून खाली उतरते, तिचे आवरण ताणले जाते, आणि नव्या तापात ती मऊ व ठिसूळ झालेली असते, ही पुढची गोष्ट मात्र विसरली जाते. निरोगी माणसाच्या प्लीहेला इजा होण्यास जबर मार लागतो. हिवतापग्रस्ताच्या प्लीहेला साधा ठोसाही पुरतो.

याचा एक दाखला आपल्या देशाच्या इतिहासात आहे. आग्रा येथे फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारहाण केली आणि तो थोड्याच वेळात प्लीहा फुटून मरण पावला. मॅजिस्ट्रेटने फुलरला केवळ ३० रुपये दंड केला. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७६ साली जाहीर नापसंती व्यक्त केली आणि ते प्रकरण गाजले. मलेरियाने वाढलेली प्लीहा ही त्या काळी अशा गोऱ्या साहेबांच्या बचावाची सोयीची सबब बनली होती. न्यायाच्या दृष्टीने ती लाजिरवाणी होती, परंतु वैद्यकीय वस्तुस्थिती तिच्यामागे होती, आणि ती आजही बदललेली नाही.

दुसरे कारण सिकलसेलचे. विदर्भातील आदिवासी व इतर अनेक समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, यावरून त्याची व्याप्ती कळावी. पाश्चात्त्य ग्रंथांत असे वर्णन असते, की सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा बालपणीच आक्रसून निकामी होते. भारतीय रुग्णांत मात्र ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. शिवाय या रुग्णांत बरगड्यांचे व पोटाचे तीव्र शूल माराशिवायही उद्भवतात. त्यामुळे किरकोळ मार, मोठी वेदना आणि फुगलेले पोट असे चित्र दिसले, की निदान अधिकच अवघड होते. तिसरे कारण रक्ताल्पतेचे. ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, तिला थोडा अंतर्गत रक्तस्रावही सोसत नाही.

पोट का फुगते?

साधी कारणे आधी पाहू. बरगडी दुखावली की दीर्घ श्वास घेता येत नाही. रुग्ण तोंडाने उथळ व घाईचे श्वास घेतो, त्यासोबत हवा गिळतो. दुखण्याच्या भीतीने तो खोकत नाही, हालचाल करीत नाही, मलप्रवृत्तीच्या वेळी कुंथत नाही. तीव्र वेदनेने आंत्राची गती काही काळ मंदावते. बरगडी किंवा पाठीचा मणका मोडल्यावर हे विशेष घडते. त्यात ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी वेदनाशामके मिळाली तर मलावरोध होतो, आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेतले तर जठरात दाह होतो. सातव्या ते अकराव्या बरगड्यांमधून जाणारे मज्जातंतू पुढे पोटाच्या भिंतीलाही संवेदना देतात. म्हणून खालच्या बरगडीचे दुखणे रुग्णाला पोटाचे वाटू शकते आणि पोटाची भिंत ताठ लागू शकते. प्राण व उदान यांची गती रोधली गेल्याने समान व अपान विगुण होतात, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल, आणि ते यथार्थच आहे.

परंतु त्याच जागी दुसरी कारणे दबा धरून बसलेली असतात. डाव्या बाजूच्या नवव्या, दहाव्या व अकराव्या बरगडीखाली प्लीहा आहे. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांखाली यकृत आहे. मागे, अकराव्या-बाराव्या बरगडीपाशी वृक्क आहेत. या बरगड्यांना लागलेला मार हा कोष्ठाचा मार समजावा, केवळ अस्थीचा नव्हे. हँडल, दांडा किंवा शिंग पोटात बसले असेल तर आंत्र फुटून छिद्रोदराची अवस्था येऊ शकते. क्वचित श्वासपटल फाटून जठर छातीत शिरते आणि त्याची लक्षणे महिन्यांनीही उघड होतात.

सर्वांत फसवी गोष्ट काळाची आहे. प्लीहेच्या आवरणाखाली रक्त साचून राहते, रुग्ण दोन-चार दिवस बरा वाटतो, आणि नंतर आवरण फुटून रक्त उदरात उतरते. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन आठवड्यांत घडते, क्वचित त्यानंतरही. म्हणून 'मार लागून आठवडा झाला, आता काय होणार' हा विचार धोक्याचा आहे. तसेच पोटाचा घेर पाहून निश्चिंत होऊ नये. प्रौढाच्या अंगातील सुमारे पाच लिटर रक्तापैकी एक लिटर उदरात साचले, तरी बाहेरून पोट फारसे वाढलेले दिसत नाही. पोट उघड फुगलेले दिसू लागते तोपर्यंत पुष्कळ वेळ निघून गेलेला असू शकतो. एक्स-रेत बरगडीचा तडा कित्येकदा दिसत नाही, आणि तडा नाही म्हणजे आत इजा नाही, असाही अर्थ होत नाही.

ग्रंथांनी सांगितलेलेच आहे

ही सारी आधुनिकांची भाषा झाली, आपल्या शास्त्राचा तिच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. त्यांनी सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय पुन्हा उघडावा. सद्योव्रणाच्या त्या अध्यायात कोष्ठ रक्ताने भरल्याची लक्षणे दिली आहेत. त्यांत ज्वर व दाह आहे, मूर्च्छा, श्वास व तृष्णा आहे, मल, मूत्र व वायू यांचा अवरोध आहे, घाम आहे, अन्नावरची इच्छा उडणे आहे, आणि आध्मानही आहे. आमाशयात रक्त साचले असता अतिमात्र आध्मान व दारुण शूल होतो, असे तेथे पुन्हा स्वतंत्रपणे सांगितले आहे. म्हणजे मारानंतरचे आध्मान हे रक्तपूर्ण कोष्ठाचे लक्षण असू शकते, हे आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

त्याच अध्यायात अंतर्लोहित रुग्णाचे चित्र आहे. तो पांडुर झालेला, हात, पाय व मुख थंड पडलेला, उच्छ्वास थंड आणि पोट आनद्ध असा असतो. अशा रुग्णाची चिकित्सा वर्ज्य करावी, असा आदेश आहे. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. रक्त चढविता येते, उदर उघडता येते, आणि स्थिर असलेल्या बहुसंख्य रुग्णांत तर शस्त्रकर्म न करता निरीक्षण व विश्रांती यांवरच प्लीहा वाचविता येते. सुश्रुताने ज्याला असाध्य म्हटले, तो आज साध्य होऊ शकतो. अट एकच, की तो वेळेत पोचला पाहिजे. आपल्या चूर्णाच्या दोन दिवसांत ती वेळ जाऊ नये.

चरकाने यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मुळे म्हटली आहेत. उदरचिकित्सेत, डाव्या कुशीतील प्लीहा क्षोभाने, वाहनाच्या धक्क्याने, भार वाहण्याने स्थानापासून ढळते व वाढते, असे त्याचे निरीक्षण आहे. प्लीहा हा धक्क्याने विकृत होणारा अवयव आहे, हे ज्ञान त्यात स्पष्ट आहे. आणि गुल्मचिकित्सेत जेथे शस्त्राचा विषय येतो, तेथे हाच चरक तो अधिकार धन्वंतरी संप्रदायाकडे सोपवून मोकळा होतो. रुग्ण योग्य हाती देणे हा वैद्याचा पराभव आहे, असे चरकाला वाटले नाही. आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडून काय चुकते

पहिली गोष्ट, लवण व क्षार यांची. भग्नचिकित्सेच्या तिसऱ्या अध्यायात सुश्रुताने भग्नरुग्णास लवण, कटू, क्षार व अम्ल रस, ऊन, व्यायाम आणि रूक्ष अन्न वर्ज्य सांगितले आहे. आता आपल्या दुकानांतील सर्वाधिक खपाची वातानुलोमक औषधे पाहा. लवणभास्करात अनेक लवणे आहेत. शंखवटीत लवण, चिंचेचा क्षार व शंखभस्म आहे. हिंग्वाष्टकात त्रिकटू व सैंधव आहे. अजीर्णावर ही उत्तम औषधे आहेत, त्याविषयी वाद नाही. परंतु बरगडी मोडलेल्या माणसाला ती डोळे झाकून दिवसातून तीन वेळा देणे हे आपल्याच ग्रंथाच्या पथ्याविरुद्ध आहे. मारामुळे आलेले आध्मान आहे, एवढे विचारून घेतले असते तरी ही चूक टळली असती.

दुसरी गोष्ट, विरेचनाची. 'पोट साफ झाले की बरे वाटेल' या समजुतीने एरंडेल, नारायण चूर्ण किंवा इच्छाभेदी दिले जाते. आंत्राला छिद्र असेल किंवा उदरात रक्तस्राव चालू असेल, तर विरेचन प्राणघातक ठरू शकते. बस्तीचेही तेच. आघातानंतर कोष्ठ निर्दोष असल्याची खात्री होईपर्यंत शोधन नाही, हा नियम अपवादरहित असावा.

तिसरी गोष्ट, चोळण्याची. बेंबी सरकली असे म्हणून पोट चोळणे, कुशीत तेल जिरविणे, विटेने शेकणे हे गावोगाव चालते. वाढलेल्या प्लीहेवर आघात झालेला असताना पोटावर दाब देणे म्हणजे अर्धवट तडकलेल्या मडक्यावर मूठ मारणे होय. आपण स्वतः हे करीत नसू, पण घरी जाऊन कोणी करू नये असे सांगतो का? परीक्षणाच्या वेळी आपली बोटेही हलकीच असली पाहिजेत. प्लीहा पुनःपुन्हा दाबून पाहणे टाळावे.

चौथी गोष्ट, बंधनाची. पर्शुकाभग्नात घृताभ्यंग करून, कवलिका ठेवून पट्टबंधन करावे, असे सुश्रुत सांगतो. म्हणून छाती करकचून बांधली जाते. परंतु शिथिल बंधाने स्थैर्य येत नाही आणि गाढ बंधाने शोथ, वेदना व पाक होतो, म्हणून बंध साधारण असावा, हेही तोच सांगतो, आणि ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी तो सोडावयास लावतो. आवळलेल्या छातीने श्वास आणखी उथळ होतो, कफ साचतो, वृद्धांत फुप्फुसाचा दाह होतो आणि पोटाचा फुगाराही वाढतो. आज शल्यचिकित्सक बरगड्या घट्ट बांधणे टाळतात, वेदना कमी करून दीर्घ श्वसन करवितात. या ठिकाणी सुश्रुताच्या साधारण बंधाचा आशय आणि आजचा अनुभव यांत मला विरोध दिसत नाही. पट्टा बांधल्यावर दीर्घ श्वास घेता येत नसेल, तर तो बंध गाढ आहे असे समजावे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर आपल्या व्यवसायबंधूंचे काही आक्षेप मी जाणतो. 'प्रत्येकाला रुग्णालयात पाठवू लागलो तर आपल्याकडे कोण येईल?' असा एक प्रश्न असतो. प्रत्येकाला पाठवा असे मी म्हणतच नाही. कोणाला पाठवावयाचे हे परीक्षणाने ठरवा, एवढेच म्हणणे आहे. आणि ज्याचा प्राण आपल्या एका चिठ्ठीने वाचला, तो व त्याचे गाव आपल्याला विसरत नाही. उलट चूर्ण घेऊन गेलेला माणूस रात्रीतून दगावला, तर गावात चूर्णाचेच नाव निघते.

दुसरा आक्षेप अंतराचा, आणि तो खरोखर गंभीर आहे. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीतरी पावसाळ्यांत तुटलेला आहे. मजुरी बुडते, सोबत जाणारा माणूस नसतो, शहराची भीती असते. परंतु अंतर मोठे असणे हे उशिरा पाठविण्याचे कारण होऊ शकत नाही, ते लवकर पाठविण्याचे कारण आहे. नागपुरातील रुग्ण घाबरा झाल्यावर अर्ध्या तासात पोचेल. एटापल्लीचा किंवा सिरोंच्याचा पोचणार नाही. म्हणून शहरातील वैद्याने जेथे संध्याकाळपर्यंत वाट पाहावी, तेथे आपण सकाळीच निघावयास सांगितले पाहिजे.

साधनेही पूर्वीपेक्षा वाढली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये व गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अहेरीस उपजिल्हा रुग्णालय आहे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून या भागातील रुग्णांना आधार देत आली आहे. या ठिकाणांशी आपला परिचय असावा, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे असावे. अनोळखी वैद्याच्या चिठ्ठीपेक्षा परिचिताच्या चिठ्ठीला वजन अधिक असते.

परीक्षण कसे असावे

पोट फुगल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकास पहिला प्रश्न हा असावा : गेल्या महिन्याभरात कोठे पडलात का, छातीला, कुशीला, पाठीला काही लागले का? उत्तर होकारार्थी असेल तर पुढे विचारावे : कोणत्या बाजूस लागले? उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते का? आडवे पडल्यावर डाव्या खांद्याच्या टोकाला दुखते का? खांद्याला मार नसताना होणारे हे दुखणे प्लीहेच्या रक्तस्रावाचे महत्त्वाचे सूचक आहे, कारण श्वासपटलाला झालेला क्षोभ खांद्यावर जाणवतो. वारा सरतो का? उलटी, विशेषतः रक्ताची, झाली का? लघवी कमी किंवा लाल झाली का? अलीकडे हिवताप होऊन गेला का? सिकलसेलचे कार्ड आहे का? गर्भ आहे का? रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का?

नंतर नाडी. येथे आपले कौशल्य खरोखर उपयोगी पडते. विश्रांत अवस्थेत मिनिटाला १०० हून अधिक, क्षीण व चपळ नाडी, सोबत तहान, घाम आणि थंड हातपाय असतील, तर दोषांचा विचार बाजूला ठेवून रक्तक्षयाचा विचार करावा. तरुणांत रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो व मग एकदम ढासळतो. म्हणून रक्तदाब प्रकृत आहे एवढ्यावर विसंबू नये. डोळ्यांच्या पापण्या व जीभ पाहावी. हलक्या हाताने पोट तपासावे. ताठरता, स्पर्शासहत्व आणि आंत्रशब्दांचा अभाव ही धोक्याची चिन्हे होत.

यांपैकी एकही लक्षण आढळले तर रुग्णास तोंडाने काही न देता, आडवे झोपवून, त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. चिठ्ठीत माराची तारीख, बाजू, नाडीची गती व आपण दिलेली औषधे लिहावीत. लक्षणे नसली, तरी डाव्या खालच्या बरगड्यांवर मार आणि वाढलेली प्लीहा हा योग असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावीच. पहिली सोनोग्राफी निर्दोष आली, तरी दोन आठवडे भार उचलणे, झाडावर चढणे व दुचाकीचा प्रवास बंद ठेवावा, आणि वेदना किंवा फुगारा वाढल्यास पुन्हा तपासणी करावी. सी. टी. स्कॅन अधिक विश्वसनीय आहे. तो कोठे होतो याची माहिती आपल्यापाशी असावी.

औषधी दुकानदारांनी निदान करावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु गल्ल्यावर बसलेल्या माणसाने 'कोठे मार लागला होता का?' एवढे विचारल्याशिवाय पोटाचे औषध देऊ नये, आणि उत्तर होय असेल तर रेचक व वेदनाशामक गोळी हाती न ठेवता त्याला वैद्याकडे पाठवावे. ॲस्पिरिनसारखे औषध रक्त गोठण्यास अडथळा आणते, हे लक्षात ठेवावे. एका पुडीचा नफा सोडावा लागेल, हे मला मान्य आहे.

कोष्ठ निर्दोष असता

धोका नाही अशी खात्री पटल्यावर मात्र आपल्या चिकित्सेला मोठा वाव आहे, आणि तेथे मागे राहण्याचे कारण नाही. प्रथम वेदना शमवावी, कारण वेदना शमल्यावाचून श्वास खोल जात नाही आणि श्वास खोल गेल्यावाचून पोट हलके होत नाही. उशी उंच करून अर्धवट बसते ठेवावे. दर तासाला दहा दीर्घ श्वास घेण्यास सांगावे, खोकताना दुखऱ्या जागी उशी धरावी, आणि सोसेल तसे घरातल्या घरात चालवावे. सुंठीचे कोमट पाणी, पेया, मुगाचे कढण, भूक वाढेल तसा मऊ भात व तूप असा क्रम ठेवावा. आंबिल, कडधान्याच्या उसळी व तळलेले पदार्थ काही दिवस नकोत. मद्य पूर्ण वर्ज्य. मलावरोध असेल तर मनुकांचे पाणी किंवा गंधर्वहरीतकी अल्प मात्रेत पुरते.

अग्नी सावरल्यावर लाक्षादी गुग्गुळ, अस्थिशृंखला, दूध व तूप यांची योजना करावी. प्रथम प्रसूत गाईचे दूध मधुर गणातील औषधांनी सिद्ध करून, तूप व लाक्षा मिसळून सकाळी द्यावे, हे सुश्रुताचे वचन प्रसिद्ध आहे. पण पोट फुगलेले असतानाच दूध सुरू केले तर फुगारा वाढतो. म्हणून क्रम पाळावा : आधी अग्नी, मग बृंहण. स्नेहन छातीपुरते, हलक्या हाताने. पोटावर नाही.

संघटनेकडून अपेक्षा

आपल्या संघटनेने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी सूचना आहे. एक, वरील प्रश्नांचे एक पानी कार्ड मराठी, गोंडी व माडिया भाषांत छापून प्रत्येक सदस्याच्या चिकित्सालयात आणि दुकानाच्या गल्ल्यावर लावावे. दोन, मोहफुलाच्या व धान रोवणीच्या हंगामापूर्वी तालुक्यातालुक्यांत आशा सेविका व गावोगावचे पुजारी यांच्यासोबत एक बैठक घ्यावी, कारण बहुतेक रुग्ण आपल्याआधी त्यांच्याकडे जातात. त्यांना कमी लेखून हे काम होणार नाही. तीन, आघातानंतर पोट फुगलेल्या रुग्णांची नोंद प्रत्येक सदस्याने ठेवावी : माराची बाजू, प्लीहेची स्थिती, काय दिले, कोठे पाठविले, काय झाले. पाच वर्षांत या दोन जिल्ह्यांची अशी नोंद जमा झाली, तर ती मुंबई-पुण्याच्या कोणत्याही ग्रंथात नसलेली माहिती असेल, आणि आयुर्वेदाने दिलेली असेल.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. पोट दाखविणाऱ्या माणसाला बरगडीविषयी विचारावयाचे, एवढेच करावयाचे आहे. येत्या हंगामापासून प्रत्येक सदस्याने ते आपल्या गादीवर आणि आपल्या गल्ल्यावर सुरू करावे, अशी विनंती करून हे विवेचन येथे पुरे करतो.